काष्टीचा सूर्य, कळसूबाईचा सूर्य

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. बैल, गाई, शेळ्या घेऊन येणारे काही जण आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात, बाकीचे पहाटे पोचतात. एरवीही या गावात पहाटे उठणं ही हौस नाही. कुणाला रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरायचं असतं, कुणाला धार काढून डेअरीला दूध घालायचं असतं, कुणाला दौंडकडे जाणारी गाडी गाठायची असते. घोड-भीमेच्या काठचा हा मुलूख सपाट. सूर्य उसाच्या तुऱ्यांमागून वर येतो आणि तो बघायला कुणी काम टाकून थांबत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर गावातली पोरं जीप ठरवून, झोपमोड करून, आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कळसूबाईवर सूर्योदय बघायला निघाली की घरातलं एखादं म्हातारं माणूस हमखास विचारतं, "का रं, हितं उगवत न्हाई का?"

प्रश्न खोचक आहे, पण हिशेबाला बसून पाहिलं तर तो चांगला प्रश्न आहे.

काष्टी कळसूबाईच्या आग्नेयेला, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. रेखांशात मोजलं तर काष्टी जवळजवळ नऊ दशांश अंश पूर्वेला पडते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नुसत्या पूर्वेकडे असण्यानं काष्टीला सूर्य साडेतीन मिनिटं आधी दिसायला हवा. कळसूबाईच्या बाजूनं उंची आहे. शिखर १६४६ मीटरवर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. पूर्वेकडचं पठार मात्र साधारण पाचशे-सहाशे मीटरवर, म्हणजे शिखरावरचा माणूस समोरच्या सपाटीपेक्षा हजार मीटरहून थोडा अधिक वर उभा असतो. शेतात उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर संपतं. शिखरावरून ते, हवा अगदी स्वच्छ असेल तर, सव्वाशे किलोमीटरपर्यंत मागे हटतं आणि नजरेच्या पातळीच्या जवळजवळ एक अंश खाली जातं. सूर्याला तेवढा अंश चढायला जी चार मिनिटं लागली असती, ती वाचतात.

साडेतीन मिनिटं इकडे, चार मिनिटं तिकडे. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास काष्टीच्या वावरात आणि राज्याच्या सर्वोच्च शिखरावर सूर्य जवळपास एकाच मिनिटाला दिसतो. डिसेंबरात तर काष्टी दक्षिणेला असल्यामुळे मिनिटभर पुढेच असते. जूनमध्ये शिखर दोन-तीन मिनिटांनी पुढे जातं, पण तेव्हा तिथं ढगांशिवाय काही दिसण्याची शक्यता कमी.

तेव्हा म्हाताऱ्याचा मुद्दा मिनिटांच्या हिशेबात बिनतोड आहे. सूर्य लवकर बघायचा म्हणून कुणी काष्टीतून हलू नये. डोंगरावर मिळतं ते वेगळंच, आणि त्यातलं बरंचसं सूर्य वर येण्याआधी घडून जातं किंवा बघणाऱ्याच्या पाठीमागे घडतं. तिथं शेकडो माणसं मोबाइल उंचावून एकाच दिशेला उभी असतात आणि अर्ध्याहून जास्त गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते, असं माझं स्पष्ट मत आहे.

काष्टीहून नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गाव गाठायचं म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता. बारी हे पायथ्याचं गाव. शिखराच्या एका अंगाला नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका, दुसऱ्या अंगाला अकोले. बारीतून वर जायला साधारण आठशे मीटरची चढण आहे. सवयीच्या माणसाला अडीच-तीन तास, नवख्याला चारही. वाटेत कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. काही ठिकाणी जुन्या साखळ्याही दिसतात. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ. नवरात्रात इथं यात्रा भरते आणि आसपासच्या महादेव कोळी वाड्यांतली माणसं देवीच्या दर्शनाला चढतात. ट्रेक हा शब्द इकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक ही वाट अंधारात तुडवत आले आहेत.

निघायचं कधी, हे ठरवताना बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण सूर्योदयाची वेळ डोक्यात सहाची बसलेली असते. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं. कळसूबाई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ नऊ अंश आहे, म्हणून इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी पस्तीस मिनिटं मागे असतो. शिवाय वर्षातली सर्वांत मोठी रात्र २१-२२ डिसेंबरची असली तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आणि तिचा आस कललेला, त्यामुळे या काळात खरी मध्यान्हच रोज काही सेकंदांनी पुढे सरकत जाते. ती जितकी सरकते तितका सूर्योदयही सरकतो. परिणामी संक्रांतीच्या दिवसांत दिवस मोठा होऊ लागलेला असूनही सूर्य वर्षातला सर्वांत उशिरा, सव्वासातला दोन-तीन मिनिटं कमी असताना उगवतो. सर्वांत लवकरचा सूर्योदय मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, सहाच्या जरा आधी. म्हणजे जानेवारीत मध्यरात्री एकला चढायला लागणारा साडेचारला माथ्यावर पोचतो आणि घामानं भिजलेल्या अंगानं पावणेतीन तास वाऱ्यात कुडकुडत बसतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, वारा ते काम दुपटीनं करतो, आणि माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास तसंही दिवसातल्या नीचांकावर असतं. पाठपिशवीत एक कोरडा सदरा आणि कानटोपी असली की या तीनही गोष्टींवर उपाय होतो.

फार उशीरही चालत नाही. सूर्योदयाआधी सव्वा तास माथ्यावर हजर असावं, आणि या सव्वा तासाला कारण आहे. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर असताना पूर्वेच्या आकाशात पहिला उजेड झिरपायला लागतो. आपल्या अक्षांशावर सूर्य बऱ्यापैकी उभा चढतो, म्हणून तिथपासून सूर्योदयापर्यंत सत्तर ते ऐंशी मिनिटं लागतात. उत्तरेकडच्या देशांत तो तिरका घसटत येतो. लंडनमध्ये ऐन उन्हाळ्यात हा संधिप्रकाश रात्रभर पुरता मावळतच नाही. आपल्याकडे तांबडं फुटतं आणि भरभर उजाडतं.

पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, चंद्र नसेल आणि आकाश धुतलेलं असेल तर या पहिल्या उजेडाच्याही आधी पूर्वेला एक फिकट, वर निमुळता होत गेलेला पट्टा दिसू शकतो. उजाडलं असं समजून माणसं उठून बसतात. तो राशिप्रकाश. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवरून परतलेलं सूर्याचंच ऊन. इगतपुरी-नाशिककडच्या दिव्यांचा उजेड वाढल्यापासून तो दिसायला जरा नशीब लागतं.

आणि डोळे तयार असावे लागतात. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य हळूहळू भरून येतं. मोबाइलचा पांढरा झोत एकदा डोळ्यांवर पडला की ते विरघळतं आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून. लाल प्रकाशाचं या पेशींना फारसं काही वाटत नाही, म्हणून हेडलॅम्पला लाल दिवा असेल तर माथ्यावर तोच लावावा. शिड्यांवर मात्र पांढराच. तिथं तारे बघत कुणी चढू नये.

नंतरचे रंग कसे येतात ते शाळेत अर्धंच सांगितलेलं असतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण डोक्यावरच्या सूर्याच्या किरणापेक्षा जवळजवळ चाळीसपट हवेतून येतो. एवढ्या वाटेत निळा गळून जातो आणि तांबडा-केशरी उरतो. इथपर्यंत ठीक. पण मग त्याच वेळी डोक्यावरचं आकाश इतकं गर्द निळं का असतं? नुसत्या विखुरण्याच्या हिशेबानं ते फिकट पिवळट दिसायला हवं होतं. एडवर्ड हलबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५३ साली दाखवून दिलं की हे निळेपण बऱ्याच अंशी ओझोनचं आहे. तिरपा किरण उंचावरच्या ओझोनच्या थरातून लांबवर जातो, ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषतो आणि निळा पुढे सोडतो. दुपारी हा परिणाम नगण्य असतो, पहाटे तोच वरचढ ठरतो. गावातूनही हा निळा दिसतोच, पण रस्त्यावरचे दिवे आणि खालची धूळ त्याला मळकट करून टाकतात.

खुद्द सूर्य दिसतो तेव्हा तो तिथं नसतो. क्षितिजाजवळ हवा किरणाला चौतीस कलांइतका वाकवते आणि सूर्याच्या चकतीची रुंदी बत्तीस कला. म्हणजे सपाट क्षितिजावर बिंबाची खालची कड टेकलेली दिसते त्या क्षणी, हवा नसती तर, अख्खा सूर्य क्षितिजाखालीच राहिला असता. खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब दाबल्यासारखं चपटं दिसतं. पहिली किनार दिसल्यापासून पूर्ण बिंब सुटं व्हायला आपल्याकडे सव्वादोन-अडीच मिनिटं पुरतात. ज्यांनी एवढ्याचसाठी दोनशे किलोमीटर गाडी हाकली, त्यांचा सौदा महागाचा.

त्यातही पूर्वेचं पठार नेहमी स्वच्छ नसतं. हिवाळ्यात धूळ, पाचट पेटवल्याचा धूर, धुराडी, वाहनं, सगळं रात्रीच्या थंड हवेत खाली अडकून पडतं. शिखरावरून पाहिलं तर त्या थराची वरची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ, करडी-तपकिरी दिसते. पुष्कळदा सूर्य खऱ्या क्षितिजावरून येण्याऐवजी या पट्ट्यातून, ठरल्या वेळेनंतर पाचेक मिनिटांनी, निस्तेज लाल होऊन वर येतो. उंचीनं मिळवलेली चार मिनिटं अशी परत जातात.

तो कुठून येतो हे मात्र आधी माहीत असलं तर मजा आहे. वर्षभरात सूर्योदयाची जागा क्षितिजावर जवळजवळ पन्नास अंश सरकते. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी तो बरोबर पूर्वेला, म्हणजे कळसूबाईवरून जवळपास संगमनेरच्या रोखानं उगवतो. डिसेंबरच्या अखेरीस पंचवीस अंश दक्षिणेकडे ढळतो. ती दिशा थेट नगर शहराकडे जाते, एक-दोन अंशांचा काय तो फरक. जूनमध्ये पंचवीस अंश उत्तरेकडे, कोपरगाव आणि येवल्याच्या मधून. सहा महिन्यांत नगरहून कोपरगावच्या पलीकडे आणि पुढच्या सहा महिन्यांत परत, अशी ही फेरी. काष्टी या फेरीत कधीच येत नाही, ती त्याहूनही दक्षिणेला राहते. पूर्वेला जवळ दिसणारे डोंगर याच कळसूबाई रांगेचे: बितनगड, पट्टा, औंढा. पट्ट्यावर शिवाजी महाराज १६७९ साली जालन्याच्या मोहिमेहून परतताना विश्रांतीला थांबले, म्हणून तो विश्रामगड.

आता पाठ फिरवावी. सूर्योदयाआधीच्या वीसेक मिनिटांत पश्चिमेला, अलंग-मदन-कुलंगच्या माथ्यांवर, क्षितिजालगत एक निळसर-करडा पट्टा असतो आणि त्याच्यावर गुलाबी. ढग नसताना दिसणारा हा निळसर पट्टा म्हणजे साक्षात पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. वरचा गुलाबी भाग म्हणजे आपल्या डोक्यावरून पलीकडे गेलेला तांबडा उजेड हवेनं परत फेकलेला. सूर्य जसजसा वर येतो तसतशी ही सावली खाली दबत जाते आणि तो उगवतो त्या क्षणी पश्चिम क्षितिजात बुडते. सपाट गावात घरं, झाडं, उसाचे फड यांच्या आड हा सगळा खेळ झाकला जातो. डोंगरावर ती अडचण नाही, आणि तरीही तिकडे बघणारा विरळा.

सूर्य वर आल्यावर त्याच दिशेला डोंगराची स्वतःची सावली पडते. ती त्रिकोणी असते. कळसूबाईचा सुळका निमुळता आहे, त्यामुळे यात नवल वाटत नाही, पण डोंगर सपाट माथ्याचा असला तरी लांबवर पडलेली सावली टोकदारच दिसते. रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात तसंच हे. सावलीच्या कडा खरं तर समांतर धावत असतात, दूर गेल्यावर त्या एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात. श्रीलंकेतल्या २२४३ मीटर उंच श्रीपादावर भाविक रात्रभर पायऱ्या चढतात आणि सूर्योदयानंतर ही त्रिकोणी सावली बघायला आवर्जून पश्चिमेकडे वळतात. आपल्याकडे ही सवय अजून लागलेली नाही.

दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या कालव्यांनी पुढे राहुरी-श्रीरामपूरकडचा मुलूख उसाखाली आणला. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे या खोऱ्यात धुकं भरतं आणि रतनगडासारखे माथे तेवढे वर राहतात. उंच जावं तसं गार होतं, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी, हे खरं आहे. पण शांत, निरभ्र रात्री हा नियम खालच्या थरात उलटा होतो. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून थंड पडते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते, उतारावरून ओघळत खोऱ्यात साचते. वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं. खालची दमट हवा झाकणाखाली गार होत गेली की धुकं धरतं, आणि झाकण असल्यामुळे ते वर येऊ शकत नाही. म्हणून त्याची वरची बाजू पाण्यासारखी सपाट दिसते. श्रीगोंद्याच्या कांदेवाल्याला हे वेगळ्या अंगानं ठाऊक असतं: खोलगट वावरात धुकं जास्त वेळ बसतं आणि करप्याची फवारणी तिथं आधी काढावी लागते. कळसूबाईवर जाऊन तो तेच धुकं वरच्या अंगानं बघतो.

सर्वांत गारठा मध्यरात्री नसतो, सूर्योदयाच्या सुमाराला किंवा त्यानंतर थोड्या वेळानं असतो. कोवळं ऊन जेवढी उष्णता देतं त्याहून जास्त जमीन अजून सोडत असते, हा ताळेबंद उलटायला थोडा वेळ लागतो. सूर्य आला, आता ऊब येईल, म्हणून स्वेटर काढणारे पुढची वीस मिनिटं पुन्हा शोधाशोध करतात.

धुकं पश्चिमेला असेल आणि सूर्य पाठीमागे, तर आणखी एक गोष्ट घडू शकते, आणि तिची जुनी नोंद अकोले तालुक्यातलीच आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन आहे. गडाच्या कोकणकड्यावर लोक याला इंद्रवज्र म्हणतात. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे बघणाऱ्याच्या पाठीशी सकाळचा सूर्य हवा, समोर खाली कोकणातून चढणारं धुकं. धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश आल्या वाटेनं मागे फेकतात आणि बघणाऱ्याच्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. पाऊस पडताना दिसणाऱ्या इंद्रधनुष्यापेक्षा ही कितीतरी लहान असतात. जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावर असंच दिसतं म्हणून जगभर त्याला त्या डोंगराचं नाव पडलं. चार जण शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्या डोक्याभोवती, बाकीच्यांची डोकी नुसती सावल्या.

कळसूबाईवरही पश्चिमेच्या दरीत धुकं चढून आलं तर हे दिसायला काही हरकत नाही. पण त्यासाठी थांबावं लागतं. शनिवार-रविवारी सूर्य वर आला की पंधरा मिनिटांत सगळे एकदम खाली निघतात आणि शिड्यांवर रांग लागते, एका वेळी एकच माणूस उतरू शकतो. हवाई बेटांवरच्या ३०५५ मीटर उंच हालेआकालावर ही गर्दी इतकी वाढली की २०१७ पासून पहाटे गाडी वर न्यायला आगाऊ नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तशी वेळ येईल तेव्हा येईल. तोवर माथ्यावर चहा घ्यावा, पश्चिमेच्या बाजूला जाऊन बसावं आणि धुकं विरेपर्यंत, म्हणजे हिवाळ्यात साधारण साडेआठ-नऊपर्यंत, उतरू नये. तोवर शिड्याही मोकळ्या होतात.